लिनक्सवर स्कॅनर दिसतो, पण स्कॅन होत नाही

आधी टर्मिनलमध्ये 'सेन-फाइंड-स्कॅनर' चालवा, मग 'स्कॅनइमेज'ला मोठा एल पर्याय देऊन. पहिल्यात यंत्र सापडलं आणि दुसऱ्यात नाही, तर केबलला दोष देऊ नका. तीच दुसरी आज्ञा सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवा. तेव्हा दिसलं तर अडचण फक्त परवानगीची. युडेव्हचे नियम (कोणतं यंत्र कोणाला वापरता येईल हे ठरवणारे) तपासा, स्कॅनरची यूएसबी केबल काढून पुन्हा लावा. सुडोनेच स्कॅन करत राहणं हा उपाय नव्हे!

एप्सन पर्फेक्शन २४८० सारख्या जुन्या यंत्रांना दर वेळी फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) भरावं लागतं आणि ते सेनसोबत, म्हणजे लिनक्सच्या स्कॅनिंग प्रणालीसोबत येत नाही. विंडोज ड्रायव्हरच्या सीडीतून 'ईएसएफडब्ल्यू४१' ही बिन फाइल काढा, सर्वांना वाचता येईल अशा जागी ठेवा आणि 'स्नॅपस्कॅन' या सेनमधल्या ड्रायव्हरच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमधल्या फर्मवेअरच्या ओळीत तिचा पूर्ण पत्ता लिहा. नावातली लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत.