मातीचं छोटं घर बांधायचंय? मग प्लॅन सगळ्यात शेवटी काढा

नैसर्गिक मटेरियलमध्ये छोटं घर बांधायचं ठरलं की बहुतेक लोक आधी फोटो सेव्ह करतात, मग त्यावरून प्लॅन काढून घेतात आणि मग तो प्लॅन बांधून देणारा माणूस शोधत फिरतात. माझं अगदी मनापासून सांगणं आहे की हा क्रम उलटा करा, आधी जागेवरची माती बघा, मग आसपास कुठले कारागीर आहेत ते बघा, आणि त्यांच्या हाताला जे येतं त्यावरून प्लॅन काढा. लांबून ट्रकनं मागवलेला बांबू आणि बाहेरून आणलेली टीम घेऊन घर उभं राहतं पण ते दुरुस्त कोण करणार हा प्रश्न तसाच राहतो.

मातीपासून सुरू करूया. वरचा काळपट थर, ज्यात मुळं आणि कुजलेला पाला असतो, तो बाजूला काढून ठेवा, तो झाडांसाठी आहे, भिंतीत चालत नाही. त्याच्या खालची माती घ्या. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू एखाद्या मिनिटात तळाला बसते, त्यावर पोयटा म्हणजे बारीक गाळ बसायला एक-दोन तास लागतात आणि चिकणमाती बसायला एक दिवस किंवा जास्तच. मग पट्टीनं थर मोजायचे. चिकणमाती साधारण १५ ते ३० टक्के आणि वाळू निम्म्याहून जास्त असेल तर बहुतेक कामाला माती चालते. चिकणमाती खूप असेल तर वाळताना तडे जाणार, मग वाळू मिसळायची. अजून एक टेस्ट करा, ओल्या मातीची ३ सेंटीमीटर जाडीची लांब वळकटी करून टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची, ५ सेंटीमीटरच्या आत तुटली तर वाळू जास्त, १५ च्या पुढे गेली तर चिकण जास्त. एका खड्ड्यातल्या मातीवर विसंबू नका, प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांतली घ्या, पाच पावलांवर माती बदलते.

भिंतीसाठी मशीनमध्ये दाबून केलेले मातीचे ब्लॉक वापरणार असाल तर वाळूसर मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट आणि चिकण मातीत चुना, हे साधारण गणित. ब्लॉक केल्यावर चार आठवडे ओलसर आणि झाकून ठेवायचे, इथे घाई केली की सगळं वाया.

आता कारागीर. गवंडी, सुतार, बुरूड, कुंभार, पाथरवट, जे कोण जवळ असतील त्यांचं नवीन नाही तर दहा वर्षं जुनं काम बघायला जा, पावसाळे खाल्लेली भिंत खरं काय ते सांगते. त्यांना विचारा की तुम्ही कुठल्या मापात काम करता. सुताराला सरळ लाकूड किती लांबीचं मिळतं, बांबू कुठपर्यंत एकसारखा जाडीचा येतो, कौलाचं माप काय, यावरून खोलीची रुंदी ठरवली की कापाकापी आणि वाया जाणं खूप कमी होतं. खिडकीची मापंसुद्धा विटेच्या पटीत ठेवा. आणि घराला हात लावायच्या आधी त्याच लोकांकडून त्याच मटेरियलमध्ये एक बाक किंवा कुंपणाचा तुकडा बांधून घ्या, अर्थातच पूर्ण मजुरी देऊन. नवीन पद्धत शिकवायची असेल तर तीही इथेच. उदाहरणार्थ आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी भारतात रुजवलेली रॅट-ट्रॅप बाँडची भिंत, विटा उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडायची, साधारण पाव विटा वाचतात आणि पोकळीमुळे घर कमी तापतं, पण हात बसायला थोडा वेळ लागतो.

मग प्लॅन. छोट्या घरात एक गोष्ट फार कमी लोक मोजतात ती म्हणजे भिंतीची जाडी. आतून १८ बाय १८ फूट म्हणजे ३२४ चौरस फूट जागा धरा. दीड फुटाच्या मातीच्या भिंती चारी बाजूंनी घेतल्या तर बाहेरून २१ बाय २१, म्हणजे ४४१. नुसत्या भिंतीत ११७ चौरस फूट गेले! त्याच भिंती ९ इंची घेतल्या तर साधारण ५६ जातात. म्हणून सगळीकडे जाड भिंत घेऊ नका. जिथे दुपारचं ऊन झोडपतं त्या पश्चिमेला जाड भिंत ठेवा, ती दिवसभर उष्णता धरून ठेवते आणि उशिरा आत सोडते, आणि तिच्यात कोनाडे आणि कपाटं काढा म्हणजे जाडी वाया जात नाही. आतल्या पार्टिशनला कुडाची भिंत पुरते, बांबूच्या कामट्या विणून दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा, तीन-चार इंचात काम होतं आणि बुरुडालाही काम मिळतं. बाथरूम आणि मोरीच्या भिंती मात्र मातीत करायचा हट्ट करू नका, तिथे दगड किंवा भाजलेली वीट घ्या आणि पाण्याच्या सगळ्या जागा एकाच भिंतीला लावा.

मातीच्या घराचा खरा शत्रू पाणी. दगडाचं जोतं निदान दीड फूट उंच, छताची वळचण दोन ते तीन फूट बाहेर, आणि जोत्याभोवती पाणी लांब जाईल असा उतार. या तीन गोष्टींत बजेट कापू नका, हवं तर एक खोली कमी करा. भूकंपाचा भाग असेल तर जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांच्या वरची आडवी तुळई) आणि छताच्या पातळीवर घराला सलग पट्टे लागतातच, मातीच्या भिंतीत खिडक्या-दारं कोपऱ्यापासून किमान चार फूट लांब, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय सुरू करू नका.

बांबू तीन ते पाच वर्षांचा पक्का घ्या, कोवळ्यात स्टार्च जास्त म्हणून भुंगा लगेच लागतो. आतले पडदे फोडून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात आठवडाभर तरी बुडवायचा, मग सावलीत वाळवायचा. हे रसायन पावसात धुऊन जातं, त्यामुळे बांबू छताच्या आत राहिला पाहिजे आणि जमिनीत तर कधीच पुरायचा नाही, दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करा. खिळा ठोकला की बांबू चिरतो, भोक पाडून बोल्ट लावा किंवा बांधा, आणि जोड गाठीच्या जवळ घ्या.

गिलाव्याबद्दल एकच कळकळीची विनंती, मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर करू नका. भिंतीतला ओलावा बाहेर पडायला जागा राहत नाही, आतून माती भुसभुशीत होते आणि प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटतं. माती किंवा चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. प्रमाण ठरवायला भिंतीवर फूटभराचे चौकोन करा, एकास एक, एकास दोन, एकास तीन असं माती-वाळू मिसळून लावा, वाळल्यावर ज्याला तडा नाही आणि हात फिरवल्यावर वाळू झडत नाही ते घ्या.

देखभाल लागणार हे आधीच मान्य करा. आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावची मातीची मशीद आजही उभी आहे कारण लोक दर वर्षी तिला नव्यानं लिंपतात. तुमच्या घराला एवढं लागणार नाही, पण पहिल्या पावसाळ्यात भिंत कुठे भिजते ते फोटो काढून ठेवा आणि पाऊस संपला की तेवढाच भाग लिंपून घ्या. त्यासाठी बांधकामातली चाळलेली तीच माती दोन-चार पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा, दुसरी माती लावली तर रंग जुळत नाही आणि जोड सुटतो.