कुत्र्याने धरलेली कोंबडी : उपचार करताना या चुका टाळा

परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला कुत्र्याने धरले, माणसांच्या आरडाओरड्याने सोडून दिले आणि कोंबडी जिवंत हाती लागली, तर त्यानंतरचा पहिला तास तिच्यासाठी सर्वांत कठीण असतो. त्या तासात घरची माणसे मायेपोटी जी धावपळ करतात तिच्यानेच पुष्कळ कोंबड्या दगावतात. हे मी आमच्या वाडीत अनेकदा पाहिले आहे, आणि एकदा माझ्या हातूनही तसेच घडले आहे.

पहिली चूक म्हणजे कोंबडी हाती येताच जखम धुवायला बसणे. तिने धसका घेतला आहे असे आपण म्हणतो, आणि ते शब्दशः खरे असते: तुरा फिकट पडतो, पाय गार लागतात, डोळे मिटतात, मान पिसांत जाते. कोंबडीच्या शरीराचे तापमान एरवी सुमारे 41 ते 42 अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याला ताप वाटावा इतके. अशा जिवाला धसक्याच्या अवस्थेत नळाखाली धरून गार पाण्याने धुतले, तर उरलेली ऊबही निघून जाते. भळभळ रक्त वाहत असेल तर तेवढे मात्र लगेच थांबवावे. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर पाच मिनिटे दाबून धरावी आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी ती मध्येच उचलू नये, कारण धरू लागलेली गाठ तेवढ्याने सुटते. त्यानंतर पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरून तिला ठेवावे, शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी, वरून हवा खेळेल असे कापड टाकावे आणि खोके घरातल्या शांत, अंधाऱ्या खोलीत न्यावे. अर्धा ते एक तास तिला कोणी पाहायला जाऊ नये, मुलांनी तर नाहीच.

उचलताना छाती आवळू नये, हे स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. पक्ष्यांच्या शरीरात आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हाच हवा आतबाहेर होते. घाबरलेली कोंबडी फडफडू नये म्हणून तिला घट्ट कवटाळले किंवा पुढे अंगाभोवती पट्टी करकचून बांधली, तर ती गुदमरते. एक हात पोटाखाली, दुसऱ्या हाताने दोन्ही पंख अंगालगत हलके धरलेले, एवढे पुरे असते.

याच घाईत चोच उघडून पाणी ओतले जाते. कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या मुळाशी, अगदी समोर उघडते, त्यामुळे ओतलेले पाणी फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. ती सावध होऊन मान धरू लागली की वाटीत पाणी घेऊन चोचीचे टोक नुसते बुडवावे. प्यायचे असेल तर ती स्वतः पिते. पहिल्या दिवशी साध्या पाण्याऐवजी माणसांसाठी मिळणारी ओआरएसची पुडी पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात विरघळवून दिली तरी चालते. दाणे लगेच पुढे करण्याची गरज नसते. संध्याकाळपर्यंत तरतरी आली तर मऊ भात किंवा उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा द्यावा.

आता माझ्या चुकीबद्दल. श्रावणात आमच्या एका तांबड्या गावठी कोंबडीला कुत्र्याने पाठीवर धरले होते. पाठीची कातडी फाटलेली स्पष्ट दिसत होती, ती मी नीट धुतली, औषध लावले, आणि कोंबडी दुसऱ्या दिवशी दाणे टिपू लागल्यावर निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी खोक्याजवळ गेल्यावर गोडसर कुजका वास आला. डावा पंख उचलून पाहिला तर त्याखाली दाताचे एक भोक होते, मोहरीच्या दाण्याएवढे, आणि त्याच्या कडेने अळ्या वळवळत होत्या. ती वाचली नाही.

कुत्र्याचा सुळा कातडीत बारीक भोक पाडतो आणि आतले मांस मात्र चेचून टाकतो. पिसे पुन्हा जागेवर बसली की बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून कोंबडी शांत झाल्यावर दोघांनी मिळून, एकाने धरून आणि दुसऱ्याने पिसांवर हलकी फुंकर मारत, सगळे अंग तपासावे: पाठ, शेपटीचे मूळ, दोन्ही मांड्या, पोट, मान आणि दोन्ही पंखांखालची बाजू. जिथे एक भोक सापडते तिथे समोरच्या बाजूला बहुधा दुसरे असते, कारण जबड्याला दोन बाजू असतात. कातडीखाली हवा भरून बोटाखाली चुरचुरल्यासारखे लागले, तर दात आतल्या हवेच्या पिशवीपर्यंत गेला असे समजावे आणि वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे. पंख लोंबत असेल, पाय टेकत नसेल, तोंड उघडे ठेवून श्वास चालला असेल किंवा पोटाला भोक असेल तरी तसेच.

जखमेवर काय लावतात याची यादी आमच्याकडे लांबलचक आहे: चुलीतली राख, चुना, तंबाखू, आणि किडे पडले तर रॉकेल, फिनेल किंवा टर्पेंटाइन. यांतले काहीही लावू नये. राख आणि हळदीची पूड खोल भोकाचे तोंड बुजवतात आणि घाण आत कोंडली जाते. तंबाखू आणि रॉकेल कातडीतून शरीरात जाऊन विषाचे काम करतात. हळदीचा मान मलाही आहे, पण तिची जागा नखाच्या टोकाला लागलेल्या किरकोळ रक्तापुरती आहे, दाताच्या भोकात नाही. जखम धुण्यासाठी एक लिटर पाणी उकळून, त्यात 9 ग्रॅम म्हणजे साधारण सपाट दीड चमचा मीठ घालून, ते कोमट होऊ द्यावे आणि सुई काढलेल्या 20 मिलिलिटरच्या सिरिंजने भोकात चांगली धार मारावी, निघणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत. पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचे होईल इतके पातळ करून शेवटी वापरता येते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भरून येणाऱ्या पेशींनाच जाळतात. भोवतीची पिसे उपटू नयेत, कात्रीने कापावीत, कारण कोंबडीची कातडी कागदासारखी फाटते. नव्याने येणारी, निळसर देठाची पिसे मात्र कापूही नयेत, त्यांच्या देठात रक्त असते. तेलकट मलमाचा जाड थर पिसांना चिकटून तिची ऊब घालवतो. दाताची भोके घरी शिवण्याचा विचारही करू नये. त्यांचा निचरा होत राहावा लागतो.

औषधांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका घरच्या कपाटात असतो. दुखत असेल म्हणून माणसांची डायक्लोफेनॅकची गोळी कुटून देणारे लोक मला भेटले आहेत. या औषधाने पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. ते टोचलेली जनावरे मेल्यावर खाऊन भारतातली गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली आणि म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. कोंबडीलाही त्याने तोच अपाय होतो. वेदनाशामक पशुवैद्यांनीच, कोंबडीचे वजन पाहून, ठरवावे. प्रतिजैविकाचेही तसेच आहे. कुत्र्याच्या तोंडातले जंतू खोलवर पेरले गेलेले असल्याने ते बहुधा लागते आणि पहिल्या 24 तासांत सुरू झाले तर उपयोग होतो, पण शेजारच्या पोल्ट्रीतून आणलेली उरलीसुरली पुडी पाण्यात मिसळणे हा त्यावरचा उपाय नाही. पोल्ट्रीत पूर्वी सर्रास दिले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत वापरायला बंद झाले आहे, यावरून जुन्या पुड्यांचा भरवसा किती धरावा ते समजते. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक, यांच्याकडे एका कोंबडीसाठी जाताना संकोच वाटू देऊ नये. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नयेत. पण अशी कोंबडी कित्येक आठवडे अंड्यावर येतच नाही, आणि तिला त्यासाठी घाई करू नये.

दोन-तीन दिवसांनी जखमेभोवतीची कातडी हिरवी दिसू लागते आणि माणसे घाबरतात. हा बहुतेक वेळा मुका मार असतो. पक्ष्यांच्या शरीरात साकळलेल्या रक्ताचा हिरवा रंग आपल्यासारखा पुढे पिवळा होत नाही, म्हणून तो हिरवाच दिसतो आणि हळूहळू विरतो. सडत चाललेल्या जखमेला मात्र वास येतो, कातडी काळी व गार पडते. कोंबडीचा पूही पातळ नसतो. तो पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट गोळा होऊन बसतो, त्यामुळे जखम वाहत नाही म्हणजे बरी झाली असे मानू नये.

माश्यांना एक दिवसही पुरेसा असतो, पावसाळ्यात तर निश्चितच. खोक्यावर मच्छरदाणीचे कापड बांधावे, खाली तूस किंवा भुसा न घालता स्वच्छ फडके घालावे, ते सकाळ-संध्याकाळ बदलावे आणि त्याच वेळी पंख उचलून सगळ्या जखमा पाहाव्यात. अळ्या दिसल्याच तर मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन चिमट्याने एकेक काढाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कोंबडी सोडवताना तुम्हाला कुत्र्याचा दात किंवा नख लागले असेल तर ते कोंबडीच्या गडबडीत विसरू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. कोंबडीच्या पिसांवर कुत्र्याची लाळ असते, म्हणून तिला हाताळताना हातमोजे घालावेत.

राहिली ती कळपात परत सोडण्याची घाई. लाल जखम दिसली की इतर कोंबड्या तिला टोचतात, आणि बरी होत आलेली कोंबडी पुन्हा उघडी पडते. जखमेवर पक्की कातडी येऊन पिसांचे कोंब दिसेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन आठवडे, तिला वेगळे ठेवावे; मात्र दिवसा तिचे डालगे इतरांना दिसेल असे अंगणात ठेवावे, नाहीतर परतल्यावर तिला परकी समजून मारतात. सोडायचे ते दिवेलागणीनंतर, सगळ्या कोंबड्या दांडीवर बसल्यावर, तिला हळूच त्यांच्या शेजारी बसवून. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याचे दार उघडण्याआधी स्वतः तिथे उभे राहावे, आणि ज्या वाटेने कुत्रा आत आला होता ती वाट त्याआधीच बुजवलेली असावी, कारण एकदा कोंबडी धरलेला कुत्रा पुन्हा येतो.