उत्तर आलं नाही, पण गाडी आली

वरूडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी मी गावात बसूनच एक सिस्टिम बांधली. माल नोंदवला की गाडी, पैसे आणि मेसेज अशा तीन वेगळ्या कंपन्यांच्या सेवा आपोआप जोडल्या जायच्या. गाडी कोणाची, हे आधी ठरलेलं नसायचं. त्या घडीला ज्याचं भाडं कमी, त्याच्याकडे बुकिंग. एपीआय, जेसन (सेवांनी एकमेकींशी बोलायची सोय आणि त्या मजकुराचा साचा) तुम्हा कोड लिहिणाऱ्यांना येतंच, ते सोडतो.

संत्र्याच्या आंबिया बहराच्या हंगामात पहाटेच फोन आला. "भाऊ, मी एकच गाडी सांगतली होती, हे दुसरी काहून आली?" धुऱ्यापाशी दोन गाड्या उभ्या, दोन्ही ड्रायव्हरांच्या मोबाइलवर बुकिंग नंबर, आणि दोन्ही नंबर खरे.

गाडीच्या पहिल्या सेवेचं उत्तर दहा सेकंदांत आलं नाही, म्हणून माझ्या कोडने दुसरीला बुकिंग दिलं. पहिलीने मात्र काम केलं होतं. वाटेत हरवलं ते फक्त उत्तर. इथे थांबा आणि दोनदा वाचा. टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर न येणं, याचा अर्थ 'झालं नाही' नव्हे, 'माहीत नाही'. डेटाबेसमध्ये या दोन अवस्था वेगळ्या ठेवा. त्याच सेवेला पुन्हा विचारायचं असेल आणि तिने सोय दिली असेल, तर आयडेम्पोटन्सी की पुरते: तीच विनंती पुन्हा गेली तरी काम एकदाच व्हावं म्हणून सोबत पाठवायची खूण. सेवा बदलली की ती की कामाची नाही. दुसऱ्या कंपनीला पहिलीकडचं काय ठाऊक? म्हणून सेवेला विनंती पाठवण्याआधी त्या बुकिंगला आपला एक क्रमांक द्या, तो आपल्याकडे नोंदवा आणि विनंतीसोबत पाठवा. उत्तर नाही आलं तर त्या क्रमांकाने स्थिती विचारा. तरी कळलं नाही तर रद्द करा, रद्द झाल्याचं पक्कं उत्तर घ्या आणि मगच दुसरं दार ठोठवा. तेही मिळालं नाही तर सरळ माणसाला फोन लावा.

बुकिंगला जसं रद्द करणं, तशी प्रत्येक पायरीला तिची उलट पायरी, हा विचार गार्सिया-मोलिना आणि सेलम या संगणक संशोधकांनी १९८७ मध्येच 'सागा' नावाने मांडला. तो निबंध वाचा. तयार टूल लावलं की सुटलो, असं सांगणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा तुमच्यासोबत रात्री लॉग (सिस्टिमने काय काय केलं त्याची नोंद) उघडून बसणारा दादा शोधा.

घाबरू नका, हे जमतं. मला दोन आठवडे लागले. मी एक नकली सेवा लिहिली: ती बुकिंग करते आणि उत्तर गिळते. नवीन कोड आधी तिच्यावर चालवतो आणि किती गाड्या बुक झाल्या, ते मोजतो.