सापासाठी उंदीर पाळताय? या चुका टाळा

‘रात्री उंदीर आत सोडला आणि झोपलो’ हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. ओळखीचा एक कॉलेजातला मुलगा असाच आपला बॉल पायथन (छोटा पाळीव अजगर) घेऊन आला होता. मानेमागचे खवले कुरतडलेले, मांस उघडं, एका जागी मणक्याचं हाड दिसत होतं. सापाचे डोळे दुधाळ झालेले, म्हणजे कात टाकायला आलेला. अशा वेळी बहुतेक साप भक्ष्याला तोंड लावत नाहीत. उपाशी उंदीर मात्र रात्रभर मिळेल ते कुरतडत बसला. जखम भरायला कित्येक महिने गेले.

जिवंत उंदीर मी देतच नाही. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवते, संध्याकाळी पिशवीसकट गरम पाण्यात सोडते. अंग ३८ अंशांच्या आसपास आलं की पुसून लांब चिमट्याने समोर धरते. मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, कुठे शिजतो, कुठे गारच राहतो आणि पोट फुटतं. साप सुरुवातीला तोंड फिरवेल. नवशिक्यांचा धीर इथेच सुटतो आणि ते पुन्हा जिवंत उंदराकडे वळतात. अहो, धडधाकट मोठा बॉल पायथन काही आठवडे न खाता आरामात राहतो! आणि करमणुकीसाठी एका प्राण्यापुढे दुसरा भक्ष्य म्हणून कोंडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा सापापुढे जिवंत उंदीर सोडून व्हिडिओ काढणं बंद करा.

दुसरी घोडचूक म्हणजे घरात सापळ्यात सापडलेला उंदीर ‘फुकटचा आहे’ म्हणून सापाला घालणं. त्याने शेजारच्या दुकानातलं ब्रोमाडिओलोन (उंदीर मारायचं औषध) खाल्लं असेल तर दिसायला तो टुणटुणीतच असतो, विषाचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात. शिवाय लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू त्याच्या लघवीतून तुमच्याही हाताला लागतात.

नर-मादी कायम एकत्र ठेवू नका. व्यायल्यावर २४ तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते आणि १९ ते २१ दिवसांत पुढचं वेत. तिची हाडं दिसायला लागतात, पिल्लंही मरतुकडी निघतात. मी गाभण मादी वेगळी काढते आणि पिल्लांचं दूध तुटल्यावर तिला विश्रांती देते. पिल्लांचे नर-माद्या चौथ्या आठवड्यातच वेगळे करा.

प्लायवूडच्या कारखान्यातला भुसा अंथरू नका, कागदाच्या पट्ट्या चालतात. नुसत्या पोळीवर आणि सूर्यफुलाच्या बियांवर उंदीर पोसू नका. उन्हाळ्यात पत्र्याखाली पिंजरा ठेवू नका. पाण्याच्या बाटलीची नळी रोज बोटाने दाबून बघा, ती तुंबली तर पिंजऱ्यातले उंदीर तहानेने मरतात. आणि मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर लाल मुंग्या नवजात पिल्लं रात्रीत संपवतात.