छिंगमिंगला कबर झाडायची रीत

छिंगमिंग हा चिनी लोकांचा पूर्वजांच्या स्मरणाचा सण ४ किंवा ५ एप्रिलच्या सुमारास येतो. चीनमध्ये २००८ पासून या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. शक्यतो सकाळीच निघा; उन्हे कलल्यावर कबरीपाशी थांबणे अशुभ मानतात.

आधी तण उपटा. मुळे आत राहिली तर ते पुन्हा उगवते. मग कबरीवर ताजी माती घाला, शिळा ओल्या फडक्याने पुसा आणि फिकी झालेली अक्षरे बारीक कुंचल्याने रंगवा. इथे चूक हमखास होते. जोडशिळेवर जिवंत जोडीदाराचे नावही आधीच कोरलेले असते. ते बऱ्याच ठिकाणी लाल ठेवतात आणि मरणानंतरच रंग बदलतात. म्हणून सरसकट एकच रंग फिरवू नका.

नंतर फळे, शिजवलेले पदार्थ, मद्याचे तीन पेले आणि तीन उदबत्त्या. भातात चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवायच्या त्या फक्त मृतांसाठी. घरच्या जेवणात तसे केलेत तर वडीलधारे रागावतील. आपल्याकडच्यासारखी कावळ्याची वाट पाहायची नसते. उदबत्त्या विझल्या की नैवेद्य घरचेच खातात.

पूर्वजांसाठीच्या खोट्या कागदी नोटा जाळण्यापूर्वी जमिनीवर वर्तुळ आखतात आणि कबरीच्या बाजूला फट ठेवतात. फट नसेल तर पैसे पूर्वजांपर्यंत पोचत नाहीत आणि वर्तुळच नसेल तर भटकी भुते ते पळवतात, अशी समजूत. गड्डी एकदम टाकू नका, सुटे कागद एकेक करून जाळा. कोरड्या गवतामुळे वणवे लागतात, म्हणून अनेक शहरांत जाळण्याला बंदी आहे. तिथे शेवंतीची फुले वाहा.