कडधान्याला भुंगा लागू नये म्हणून अर्क-तेल वापरताय? या चुका टाळा

दर श्रावणात कुणी ना कुणी भोकं पडलेले मूग पाटीत घेऊन येतं आणि विचारतं, "निंबोळी अर्क मारू का?" नका मारू. पाण्यात केलेला कोणताही अर्क साठवणीच्या दाण्याला लावू नका.

आमच्या चुलत दिरांनी हेच केलं होतं. बियाण्याचा हरभरा, दोन पोती. भुंगे दिसले तसा त्यांनी पाठीवरच्या पंपाने 5 टक्के निंबोळी अर्क फवारला, हरभरा रात्रभर पडवीत पसरला आणि सकाळी पुन्हा पोत्यात भरला. मी अडवलं तर म्हणाले, "वहिनी, तुरीच्या झाडावर चालतो, मग दाण्यावर का नाही चालणार?" पानावरचं पाणी उडून जातं, हरभरा मात्र ते पिऊन घेतो. त्यात आभाळ भरलेलं. आठ दिवसांनी पोत्यात हात घातला तर आत ऊब होती, कुबट वास होता आणि दाण्याला बुरशी चढली होती. पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहिली, सदतीस उगवले. बी विकत आणावं लागलं. आणि भुंगे? ते होतेच.

ते का होते, हे समजून घ्या. भुंगा साठवणीतला दाणा खात नाही. खाते ती अळी. मादी दाण्याच्या सालीवर पांढरट अंडं चिकटवते, अळी अंड्याखालूनच थेट आत शिरते आणि भुंगा होऊनच गोल भोक पाडून बाहेर येते. उबदार हवेत हे सगळं साधारण महिन्याभरात उरकतं. म्हणजे तुम्हाला भोक दिसतं तेव्हा एक पिढी बाहेर पडलेली असते. आतल्या अळीला वरून लावलेलं काहीही पोचत नाही. त्यात ही कीड पुष्कळदा शेतातल्या वाळत्या शेंगेवरच अंडी घालते, त्यामुळे "आमची कोठी स्वच्छ आहे" एवढ्यावर भागत नाही.

म्हणून काम उन्हाळ्यातच उरकायचं, आणि ते तेलाने. तेलाचा पातळ थर अंड्याची हवा तोडतो. किलोला 5 मिली, क्विंटलला अर्धा लिटर. खाण्याच्या कडधान्याला मी एरंडेल किंवा शेंगदाणा तेल लावते, बियाण्याला करंज किंवा निंबोळीचं. निंबोळी तेलाचा कडवटपणा आणि वास जात नाही, ते खाण्याच्या डब्यात नकोच.

इथेच घाई नडते. पोत्यात वरून तेल ओतायचं, चार वेळा हलवायचं आणि तोंड शिवायचं! ज्या दाण्याला तेल लागलं नाही, त्यावरचं अंडं जगतं. मी घमेल्यात पाच-पाच किलो घेते आणि तळहातांनी चोळते, प्रत्येक दाणा चमकेपर्यंत. एका क्विंटलला अख्खी दुपार जाते. ती द्यायची तयारी नसेल तर तेल वाया घालवू नका.

त्याआधी दोन-तीन कडक उन्हं दाखवा. दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे, दबता कामा नये. ऊन खाल्लेलं धान्य गार झाल्यावरच तेल लावा आणि भरा.

कडुनिंबाचा हिरवा पाला कोठीत घालू नका, त्याचं पाणी दाण्यात उतरतं. पाला आणि निंबोळ्या सावलीतच वाळवा, उन्हाने गुण जातो. काळ्या पडलेल्या, बुरशी आलेल्या निंबोळ्या फेकून द्या.

वेखंडाची किंवा सीताफळाच्या बियांची पूड खाण्याच्या कडधान्यात मिसळू नका. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. मी ती घरात कुटतच नाही.

नवं धान्य जुन्या पोत्यात तसंच भरू नका. निंबोळी अर्काची खरी जागा इथे आहे: रिकामी पोती त्यात बुडवा, खडखडीत वाळवा, मगच भरा.

आणि भुंगा लागलाच असेल तर? बियाण्याचा विचार सोडा. फार पोखरलेलं नसेल तर चाळा, उघाड मिळताच ऊन द्या आणि भरडून डाळ करून घ्या. सालीच्या अख्ख्या दाण्यावर भुंगा जितका येतो तितका डाळीवर येत नाही. आमच्याकडे वर्षाची तूर म्हणूनच फार दिवस अख्खी राहत नाही. अख्खं ठेवते ते फक्त बी, तेल लावून, झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात, वर तेलाचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी.