रविवारच्या रेसची तयारी सोमवारपासून

पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा सीझन भर पावसाळ्यात येतो, त्यामुळे इथली तयारीची यादी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या हिवाळी यादीपेक्षा थोडी लांबते. रविवारी पळणाऱ्या प्रत्येक घोड्याचं नाव सोमवारीच फळ्यावर चढवावं. पुढे अंतर, हँडिकॅपचं (त्या घोड्याला पाठीवर वाहायला ठरवून दिलेलं) वजन, जॉकी, शेवटची नालबंदी, शेवटचं जोरदार काम, म्हणजे वेगात पळवणं. ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूच्या झापडा) लावायचे की काढायचे तेही तिथेच लिहावं, कारण ते आधी कळवावं लागतं, आयत्या वेळी बदलता येत नाही.

रोज पहाटे खोगीर चढण्याआधी गव्हाण, ताप आणि पाय बघायचे. स्टॉपवॉचपेक्षा गव्हाणीतलं उष्टं जास्त खरं बोलतं. बुधवारी 1000 मीटर झकास वेळेत मारून रात्री अर्धी चंदी, म्हणजे दाणा, उष्टी टाकणारा घोडा ट्रॅकवर सगळं खर्च करून आलाय, रविवारसाठी त्याच्यात फारसं उरलेलं नाही. विश्रांतीतला ताप 38.5 अंशांपुढे गेला तर त्या दिवशी काम नाही, डॉक्टरांना बोलवायचं. पायाच्या पट्ट्या सोडल्यासोडल्या हात लावू नये, पट्टीखालचा पाय गरमच लागतो. वीस मिनिटं थांबून गुडघ्याखाली मागच्या टेंडनवरून बोटं वरून खाली फिरवावी आणि लगेच दुसऱ्या पायाशी ताडून बघावं. एका पायात चिमूटभर ऊब जास्त लागली तरी ट्रेनरच्या कानावर घालायची, उद्या बघू म्हणायचं नाही.

चंदी डब्याने मोजायची सवय मोडावी. त्याच डब्यात हरभरा ओटच्या दीडपट तरी भरतो. मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) बदलला की घोड्याचं खाणं बदलतं ते इथेच. काट्यावर तोलून, एका वेळी दोन-अडीच किलोपेक्षा जास्त नको. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान असतं. विश्रांतीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणायचा. ते विसरलात तर दुसऱ्या दिवशी कामाला निघालेला घोडा मागून आखडतो, घाम फुटतो, लघवी गडद होते. अशा घोड्याला चालवत तबेल्यात आणायचाही हट्ट करू नये. पावसाळी गवताला बुरशीचा वास आला तर ते सरळ फेकायचं. धूळ असेल तर दहा-पंधरा मिनिटं भिजवून, पाणी ओतून देऊन घालायचं. चिखलातून आलेल्या घोट्यांच्या मागच्या खोबणी धुतल्यावर कोरड्या पुसायच्या, नाहीतर खपल्या धरतात.

शर्यतीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नाला शुक्रवारपर्यंत ठोकून घ्याव्या. खिळा खुराच्या जिवंत भागाजवळ गेला तर लंगडणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसतं. रविवारी सकाळी नालबंद बोलावला तर ते दिसायला वेळच उरत नाही. शनिवारी 400 मीटर मोकळं पळवणं पुरे.

डोपिंगच्या बाबतीत धोका सिरिंजपेक्षा बारीक गोष्टींचा असतो. चहाचा कप, चॉकलेट, खसखस लागलेला पाव यांतलं काहीही घोड्याच्या तोंडाजवळ नको. मोतद्दार स्वतः वेदनाशामक गोळ्या घेत असेल तर त्याने ठाणात (घोडा बांधायच्या जागी) लघवी करू नये. घोडा अंथरुणातलं गवत चघळतो आणि औषध त्याच्या नमुन्यात उतरतं. हे सांगताना लाजू नये.

रेसच्या दिवशी शेवटची चंदी चारेक तास आधी, गवत थोडं, पाणी मात्र सकाळभर समोर. पेटीत घोड्याचा पासपोर्ट, मालकाच्या रंगांचा पोशाख, लगाम आणि एक जादा, जीभ बांधायची पट्टी, जादा तंग (खोगीर आवळायचा पट्टा), दोन बादल्या, स्पंज, घाम निथळायची पट्टी, सुके टॉवेल. पहिल्यांदाच पळणाऱ्या घोड्याची स्टार्टिंग गेटची तयारी या आठवड्यात परत करून घ्यावी. आत शांत उभा राहिला तरी पुरत नाही, शेजारच्या घोड्याने लाथ झाडल्यावर काय करतो ते बघावं.

पळून आलेल्या घोड्याला गार पाणी पाजू नये ही जुनी समजूत सोडून द्यावी. त्याला पिऊ द्यावं, अंगावर गार पाणी ओतत राहावं आणि श्वास बसेपर्यंत हातात फिरवावं. नंतर तासाभरात डॉक्टरांकडून श्वासनलिकेत दुर्बीण घालून फुप्फुसातून रक्त आलंय का ते बघून घ्यावं. नाकातून दिसत नाही म्हणजे आलं नाही असं नसतं. रात्री नेहमीचीच चंदी, पण थोडी कमी. कोंड्याची खास लापशी नको, अचानक बदल आतड्यांना सोसत नाही. सोमवारी सकाळी कडक जमिनीवर हातात धरून दुडक्या चालीने पळवायचा, पुढून आणि मागून बघायचा, आणि जे दिसेल ते फळ्यावर त्याच्या नावापुढे लिहायचं.